हरवलेल्या साखरेचा हिशेब

साखर कारखान्यात साखर तयार होत नाही. ती तयार होते शेतात, उसाच्या पेरापेरात. कारखाना ती बाहेर काढतो आणि काढता काढता थोडी हरवतो. लातूरचा मांजरा कारखाना घ्या किंवा नांदेड जिल्ह्यातला अर्धापूरकडचा भाऊराव चव्हाण. हंगामात गव्हाणीत मोळी पडली की चीफ केमिस्टपासून पाळीच्या केमिस्टपर्यंत सगळे एकाच प्रश्नामागे लागतात: आत आलेली साखर गेली कुठे?

समजा, १०० टन उसात १३ टन साखर आहे आणि पोत्यांत भरली ११ टन. उरलेल्या २ टनांचा ठावठिकाणा लावायचा. सव्वा टनाच्या आसपास मळीत, अर्ध्या टनाहून थोडी जास्त चिपाडात, किंचित रस गाळून उरलेल्या प्रेसमडमध्ये. एवढं करूनही चिमूटभर उरतेच, जिचा पत्ता लागत नाही. तिच्यासाठी अहवालात स्वतंत्र रकाना असतो: अज्ञात घट. जे सापडलं नाही तेही रोज आकड्यात मांडायचं, ही शिस्त मला फार मोठी वाटते.

हा खटाटोप कशासाठी? रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात उतारा, म्हणजे उसातून हाती आलेल्या साखरेची टक्केवारी, ०.१ टक्क्याने घसरला तर दिवसाला ५० क्विंटल साखर गेली. २०१९ साली ठरलेल्या ३१ रुपये किलो या किमान विक्री दराने ते होतात १ लाख ५५ हजार रुपये. शेतकऱ्याचा भावही उताऱ्यालाच बांधलेला. २०२४-२५च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे जादा.

आता गंमत बघा. चिपाड मिलमधून निघतं ते थेट बॉयलरकडे जातं. मग त्याचं वजन कसं करायचं? करायचंच नाही! उसाचं वजन काट्यावर झालेलं असतं, मिलवर शिंपडलेलं पाणी मोजलेलं असतं, निघालेला रसही मोजलेला असतो. १०० टन ऊस, ३५ टन पाणी, रस निघाला १०६ टन. म्हणजे चिपाड २९ टन. दुसरं काही असूच शकत नाही. त्यातला नमुना लॅबमध्ये पाण्यात उकळला, साखर २ टक्के निघाली, की ५८० किलोंचा हिशेब लागला.

त्या पाण्यातली साखर मोजतो प्रकाश. फ्रान्सच्या बिओ या शास्त्रज्ञाने १८१५मध्ये दाखवलं की काही द्रवांतून जाताना एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं ते प्रतल वळतं. साखर ते उजवीकडे वळवते, जितकी जास्त साखर तितकं वळण जास्त. २६ ग्रॅम शुद्ध साखरेचं १०० मिलिलिटर द्रावण २० सेंटिमीटरच्या नळीत भरलं की हे वळण मोजणारा पोलॅरिमीटर बरोबर १०० दाखवतो.

मिलवर जास्त पाणी शिंपडलं तर चिपाडातली आणखी साखर धुऊन निघते. पण ते पाणी पुढे आटवावं लागतं. आटवायला वाफ हवी, वाफेसाठी चिपाड जाळायला हवं, आणि वाचलेल्या चिपाडावर तर वीज करून विकता येते. पाणी किती सोडायचं हा निर्णय म्हणून खर्चाचाच निर्णय असतो. हे पाणीही बरंचसं उसातलंच. उसात सुमारे ७० टक्के पाणी असतं. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड केली की मिळणारं गरम पाणी पुन्हा मिलवर येतं. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे ऊस किती लावावा हा वाद व्हायलाच हवा. पण उसाबरोबर आत आलेलं पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याची ही सोय मनापासून दाद देण्यासारखी आहे.

अज्ञात घटीमागे बरेचदा मिलचं थांबणं असतं. रस साचला, आंबला, की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. हे मिश्रण प्रकाशाला चक्क डावीकडे वळवतं आणि त्याचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. म्हणून मिल किती मिनिटं बंद राहिली आणि कशामुळे, ऊस नव्हता की बेअरिंग तापलं, हे पाळीच्या वहीत लिहावंच लागतं.

साखर निसटण्याची दुसरी वाट वाफेची. रस जोरात उसळला तर त्याचे थेंब वाफेबरोबर निसटतात आणि ती वाफ थंड होऊन झालेलं पाणी बॉयलरला गेलं तर तिथवर पोचतात. साखरही जाते, बॉयलरच्या नळ्याही धोक्यात येतात. त्यामुळे केमिस्ट त्या पाण्याचा नमुना वरचेवर परीक्षानळीत घेतो, अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतो आणि नळीच्या कडेने सल्फ्युरिक ॲसिड अलगद सोडतो. जिभेला मुळीच न जाणवणारी साखर असली तरी दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं उमटतं. कडं दिसलं की ते पाणी बॉयलरकडे जाऊ न देता वळवतात आणि रस आटवणाऱ्या भांड्यांपैकी कुठल्या भांड्यात तो उसळतोय, याचा शोध त्याच पाळीत सुरू होतो.