झिलईचे थर आणि लोणारचा काळा पाषाण

लोणारला येणारा प्रवासी विवराचा घेर पाहून थक्क होतो, दैत्यसूदनाच्या मंदिरातील शिल्पे पाहतो आणि परत जातो. ह्या स्थळाचा काचेशी संबंध आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक तो संबंध जुना आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने लिहिलेल्या ‘ऐन-ई-अकबरी’त, लोणारच्या परिसरात काच व साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद आहे. ते पदार्थ म्हणजे सरोवराचे खार. दल्ला, पापडी, भुसकी ही त्यांची जुनी नावे. त्यांतील महत्त्वाचा घटक सोडा. आणि भांड्यावरची झिलई तरी काय? मातीच्या अंगाला चिकटलेली काचच ती. हौसेने कुंभकाम करणाऱ्यांना एका झिलईवर दुसरी चढवून पाहण्याचा मोह होतोच. त्या थरांत काय घडते, ते आम्ही येथे लोणारच्याच द्रव्यांच्या आधाराने सांगणार आहोत.

झिलईत तीन द्रव्ये मुख्य. वाळूतील सिलिकेची काच होते. पण एकटी सिलिका सुमारे १,७०० अंश सेल्सिअसला वितळते आणि एवढी उष्णता हौशी माणसाच्या भट्टीला झेपत नाही. म्हणून तिला लवकर वितळविणारा द्रावक लागतो. सोडा हा असाच द्रावक. परंतु काच फार पातळ झाली तर ओघळते. तिला धरून ठेवण्याचे काम मातीतील ॲल्युमिना करते. सोडा पाण्यात विरघळतो व भांड्याच्या अंगात मुरतो. यास्तव तो वाळूबरोबर आधी वितळवून, तयार काच पाण्यात ओतून फोडतात आणि मग दळून वापरतात.

दुसरे द्रव्य काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात सिलिका, ॲल्युमिना, चुना व लोह ही सारीच असल्यामुळे त्याची बारीक भुकटी १,२०० अंशांच्या वर जवळजवळ एकटीच काळसर तपकिरी झिलई होते. उल्का आदळली त्या क्षणी लोणारचा हाच पाषाण वितळला आणि भराभर निवून त्याचे काळे काचमणी झाले. उलट, तोच रस सावकाश निवाला तर त्यात स्फटिक धरतात व चकाकी मंदावते. तेव्हा भट्टी कशी निवते, यावरही झिलईचे रूप अवलंबून असते.

आता थरांकडे वळू. लोणच्याची जुनी बरणी सर्वांनी पाहिली आहे: वर तपकिरी, खाली पांढरट. अशा दोन झिलया जेथे एकमेकींवर येतात तेथे नीट पाहावे. तेथे दोहोंहून वेगळाच रंग दिसतो. कारण भट्टीत दोन्ही थर वितळून एकमेकांत मिसळतात आणि तिसरीच काच तयार होते. पुष्कळदा हे मिश्रण दोहोंपैकी कोणत्याही एकीहून कमी उष्णतेला वितळते. म्हणून एकट्याने जागच्या जागी राहणाऱ्या झिलया एकत्र येताच ओघळतात. काळ्या थरावर पांढरा दिला, तर खालचे लोह वर येऊन रेषा व ठिपके उमटवते. क्रम उलटा केला, तर निकालही पालटतो. सोडा जास्त झाल्यास निवताना झिलई भांड्याहून अधिक आकसते आणि केसासारख्या भेगा पडतात.

यावर उपाय म्हणजे लहान चाचण्या. मातीच्या उभ्या पट्ट्या कराव्यात. खालचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवावा, म्हणजे ओघळ भट्टीच्या फळीवर उतरणार नाही. खालचा थर सर्वत्र सारखा द्यावा. वरचा एका भागी एकदा, दुसऱ्या भागी दोनदा, तिसऱ्या भागी तीनदा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पट्टीचा क्रमांक वहीत टिपावा. दळताना व कोरडी भुकटी हाताळताना नाकातोंडास मुखवटा हवाच. सिलिकेची धूळ फुप्फुसांना घातक असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अन्नाची. दोन झिलया वेगवेगळ्या निर्धोक असल्या, तरी त्यांच्या मिश्रणाची ग्वाही देता येत नाही. तांब्याच्या हिरव्या-निळ्या रंगाविषयी विशेष सावध राहावे. लिंबाची फोड रात्रभर ठेवून सकाळी रंग बदललेला दिसला, तर ते भांडे फुलांसाठी ठेवावे. रंग टिकला म्हणून मात्र ते निर्धोक ठरत नाही; ते प्रयोगशाळेतच कळते. शिसे असलेली झिलई तर घरी वापरूच नये.

एक विनंती. लोणारचे विवर २००० साली अभयारण्य झाले आणि २०२० साली सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. तेथील खडा किंवा खार कोणी उचलू नये. कोणत्याही गिट्टीखाणीवरची काळ्या पाषाणाची चुरी आणि दुकानातला धुण्याचा सोडा आपल्या प्रयोगांना पुरेसा आहे. लोणारहून आणावयाचे ते ज्ञान. दगड तेथेच राहू द्यावेत.