दाखल्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी



कापणीच्या तोंडावर पाऊस येऊन भात आडवे झाले, तर पंचनाम्यात काय लिहिले ते विचारल्याशिवाय आपण सही करत नाही. पण मुलाला शाळेने घरी पाठवले की आपण मान खाली घालून उभे राहतो आणि सांगतील तिथे सही करतो. पनवेल तालुक्यातील गावे फिरताना हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मारामारी होते, पालकाला बोलावणे येते. ‘दाखला काढून न्या, म्हणजे पोराच्या नावाला बट्टा नको,’ असे गोड शब्दांत सुचवले जाते. पालक ‘स्वखुशीने’ अर्ज देतो. झाले! कागदोपत्री शाळेने काढलेच नाही, तुम्हीच नेलेत.

असा अर्ज देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची वाट मोकळी झाली, पण काढून टाकण्याची बंदी कायम राहिली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही.

नववीपासून हे कवच नसते. तरी आरोप सांगून मुलाचे म्हणणे ऐकून घ्यायलाच हवे. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने २०२५ साली समाजमाध्यमावरील मजकुरावरून एका विद्यार्थिनीला काढले, तेही तिचे काही न ऐकता. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला आणि तिला परीक्षेला बसू दिले.

कोर्टापर्यंत जायची पाळी सहसा येत नाही. आरोप काय, किती दिवस घरी बसायचे, निर्णय कोणाचा, हे शाळेकडून लेखी मागा. तोंडी हुकूम पुष्कळदा तिथेच विरतो. मुलाची चूक असेल तर ती कबूल करायला लावा. ज्याला मार बसला त्यालाही आईबाप आहेत, आणि वर्ग सांभाळणे सोपे नाही. मात्र आपले म्हणणे लिहून द्या. तेवढ्याने भागले नाही तर गावच्या प्राथमिक शाळेसाठी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, हायस्कूलसाठी अलिबागला जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

उशीर करू नका. महिनाभर घरी राहिलेला मुलगा लावणीला जुंपला जातो, मुलीसाठी स्थळे येऊ लागतात. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेसह शिक्का घ्या आणि ती सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा.