एचडी रेडी, फुल एचडी की ४के? टीव्हीच्या खोक्यावरच्या आकड्यांचा खरा अर्थ

दसरा-दिवाळी जवळ आली की टीव्हीच्या ऑफर्सचा पाऊस सुरू होतो. दुकानात गेलं की एकाच आकाराचे तीन टीव्ही ओळीने मांडलेले दिसतात. एकावर लिहिलेलं असतं ‘एचडी रेडी’, दुसऱ्यावर ‘फुल एचडी’ आणि तिसऱ्यावर ‘४के अल्ट्रा एचडी’. किमतीत काही हजारांचा फरक असतो. सेल्समन सांगतो, “साहेब, आता ४केचाच जमाना आहे!” मग आपण जास्त पैसे मोजून टीव्ही घरी आणतो, केबल जोडतो, नेहमीची मालिका लावतो आणि काय बघतो? चित्र दुकानात दिसलं तसं दिसतच नाही. उलट जुन्या टीव्हीपेक्षाही ते जरा पुसट वाटतं.

टीव्ही खराब निघाला का? बहुतेक वेळा नाही. टीव्ही चांगलाच असतो, पण खोक्यावरच्या आकड्याचा अर्थ आपल्याला कुणी नीट सांगितलेला नसतो. चला तर मग, हा घोळ सोडवूया.

रेझोल्युशन म्हणजे ठिपक्यांची मोजणी

टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी समजा. या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात. त्यांचा उजेड कमी-जास्त करून हवा तो रंग तयार होतो. पडद्यावर आडवे किती आणि उभे किती पिक्सेल आहेत, ती संख्या म्हणजे रेझोल्युशन. बाजारात दिसणारे प्रकार असे:

- एसडी म्हणजे जुनं साधं प्रक्षेपण: ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख पिक्सेल
- एचडी रेडी: बहुतेक टीव्हींमध्ये १३६६ × ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख
- फुल एचडी: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार
- ४के अल्ट्रा एचडी: ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख
- ८के: ७६८० × ४३२०, म्हणजे ३ कोटी ३१ लाखांहून जास्त

यात एक गंमत आहे. ७२० आणि १०८० हे आकडे उभ्या दिशेने मोजलेले आहेत, म्हणजे पडद्यावर वरपासून खालपर्यंत किती ओळी आहेत ते. ४के म्हणताना मात्र मोजणी आडवी होते. साधारण ४००० पिक्सेलची रुंदी म्हणून ते ४के. उभ्या ओळी मोजल्या तर त्या २१६० भरतात, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर दुप्पट. दोन्ही दिशांनी दुप्पट झाल्यामुळे एकूण पिक्सेल चौपट होतात.

‘एचडी रेडी’ म्हणजे फुल एचडी नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ‘एचडी रेडी’ हे लेबल युरोपात २००५ साली सुरू झालं. टीव्ही एचडी सिग्नल घेऊ शकतो आणि त्याच्या पडद्यावर किमान ७२० ओळी आहेत, एवढीच त्यात हमी होती. अशा टीव्हीला तुम्ही १०८० ओळींचं चित्र दिलंत तर तो ते नाकारत नाही. पण पडद्यावर तेवढे ठिपकेच नसल्यामुळे तो चित्र आकसून आपल्या ७६८ ओळींत बसवतो.

जाहिरातीत ‘१०८०पी सपोर्ट’ किंवा ‘४के सपोर्ट’ असे शब्द दिसले, तर त्यांचा अर्थ ‘असा सिग्नल चालेल’ इतकाच असू शकतो. तुम्हाला बघायचं आहे ते पडद्याचं स्वतःचं रेझोल्युशन. माहितीपत्रकात ते ‘नेटिव्ह रेझोल्युशन’ किंवा ‘डिस्प्ले रेझोल्युशन’ या नावाखाली दिलेलं असतं. तिथे १३६६ × ७६८ असेल, तर बाहेर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेलं असो, तो टीव्ही एचडी रेडीच आहे.

सोफा किती लांब आहे?

आता महत्त्वाचा मुद्दा. पिक्सेल जास्त असले म्हणजे ते आपल्याला दिसतीलच असं नाही. डोळ्यांच्या तपासणीत ज्याला ६/६ नजर म्हणतात, त्या नजरेला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखता येतो. सोप्या भाषेत सांगायचं तर एक मीटरवरून सुमारे ०.३ मिलिमीटर आणि तीन मीटरवरून सुमारे ०.९ मिलिमीटर. ठिपके यापेक्षा जवळजवळ असले की डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत, एकमेकांत मिसळून जातात. रांगोळीही जवळून पाहिली तर कण कण दिसते आणि लांबून सलग दिसते, तसंच हे.

या हिशोबाने कोणत्या टीव्हीचे ठिपके किती अंतरावर दिसेनासे होतात, ते पाहा:

- ३२ इंच, एचडी रेडी: सुमारे ६ फूट
- ३२ इंच, फुल एचडी: सुमारे ४ फूट
- ४३ इंच, फुल एचडी: सुमारे साडेपाच फूट
- ४३ इंच, ४के: पावणेतीन फुटांच्या आसपास
- ५५ इंच, फुल एचडी: सुमारे ७ फूट
- ५५ इंच, ४के: सुमारे साडेतीन फूट
- ६५ इंच, फुल एचडी: सुमारे साडेआठ फूट
- ६५ इंच, ४के: सुमारे सव्वाचार फूट

या अंतरापेक्षा लांब बसलात, तर त्याहून जास्त पिक्सेलचा फायदा डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. काहींची नजर ६/६पेक्षा तीक्ष्ण असते, तर काहींना चष्मा लावूनही तेवढं दिसत नाही. त्यामुळे हे आकडे अंदाज म्हणून घ्या.

दहा बाय बाराच्या हॉलचं उदाहरण घेऊया. एका भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला सोफा. बसणाऱ्याचे डोळे आणि पडदा यांत साधारण आठ-नऊ फूट अंतर राहतं. इथे ४३ इंची टीव्हीवर फुल एचडी आणि ४के यांच्या बारकाव्यात फरक ओळखणं जवळजवळ अशक्य आहे. ५५ इंचीवरही फुल एचडी पुरून उरतं. ६५ इंचांपासून पुढे मात्र ४केचा फरक थोडा जाणवायला लागतो.

मग ३२ इंची एचडी रेडी टीव्ही घेणं चूक आहे का? सहा-सात फुटांवरून बातम्या, मालिका आणि क्रिकेटच बघायचं असेल, तर मुळीच नाही. पण तोच टीव्ही मुलांच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटरला जोडणार असाल आणि ती दोन-तीन फुटांवर बसून वाचणार असतील, तर अक्षरांच्या कडा तुटक दिसतील. तिथे फुल एचडीसाठी जास्त पैसे मोजणं योग्य ठरेल.

टीव्हीला तुम्ही खायला काय घालता?

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? टीव्हीचंही तसंच आहे. येणारं चित्र जितकं बारीक, तितकंच खरं चित्र तो दाखवू शकतो. बाकीचं त्याला अंदाजाने भरावं लागतं. याला अपस्केलिंग म्हणतात.

साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल असतात. ४के पडद्यावर ८२,९४,४०० जागा असतात. म्हणजे बरोबर वीसपट! येणाऱ्या प्रत्येक पिक्सेलमागे टीव्हीला वीस जागा भरायच्या असतात आणि त्यातल्या एकोणीस अंदाजाने. शिवाय पडदा मोठा झाला की सिग्नलमधले दोषही मोठे होऊन दिसतात. नवा मोठा टीव्ही आणल्यावर जुनं चॅनेल पुसट का वाटतं, याचं उत्तर हे आहे.

आपल्याकडच्या डीटीएच आणि केबलवरची एचडी चॅनेल्स साधारणपणे ‘१०८०आय’ या प्रकारात येतात. इथे ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड. यात चित्राच्या सगळ्या ओळी एकदम येत नाहीत. आधी विषम ओळी येतात, मग सम. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं येतात आणि टीव्ही त्यांची सांगड घालतो. ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह, त्यात सगळ्या ओळी एकदम येतात. म्हणजे घरी मुख्यतः डीटीएचच बघितलं जात असेल, तर ४के टीव्हीच्या वाट्याला फार तर फुल एचडीच्या दर्जाचं चित्र येतं आणि बाकीच्या तीन चतुर्थांश जागा तो स्वतः भरतो.

खरं ४के मुख्यतः ओटीटी, यूट्यूब आणि नव्या गेमिंग कन्सोलवरून मिळतं. पण तिथेही अटी आहेत. नेटफ्लिक्सवर ४के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. त्यासाठी किमान १५ एमबीपीएस वेग लागतो, फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतो. या वेगाने तासाभराच्या ४केला जवळपास ७ जीबी डेटा खर्च होतो. वेग कमी पडला की ॲप गुपचूप रेझोल्युशन उतरवतं आणि तुम्हाला कळतही नाही.

जुन्या गोष्टींचं काय? चित्रपट फिल्मच्या रिळावर चित्रित झालेला असेल, तर त्यात एसडीपेक्षा कितीतरी जास्त बारकावा साठवलेला असतो. रीळ चांगल्या स्थितीत असेल तर ते नव्याने स्कॅन करता येतं. म्हणूनच १९७५ सालचा ‘शोले’ २०२५ साली ४के स्वरूपात पुन्हा दाखवता आला. पण त्यानंतरच्या काळात ज्या मालिका व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या, त्यांच्यात मुळातच एसडीइतका तपशील आहे. कोणताही टीव्ही त्यांना खऱ्या अर्थाने ४के करू शकत नाही.

दुकानात काय तपासायचं?

शोरूममध्ये फुलं, पोपट आणि डोंगरदऱ्यांचे झगमगीत व्हिडिओ सुरू असतात. ते खास त्या पडद्यासाठी तयार केलेले असतात आणि टीव्हीचा उजेड व रंगही चढवून ठेवलेले असतात. त्यावरून निर्णय घेऊ नका. त्याऐवजी हे करा:

१. घरून निघताना टेपने मोजून या की टीव्हीची भिंत आणि बसण्याची जागा यांत किती फूट अंतर आहे. दुकानात तेवढ्याच अंतरावर उभं राहून टीव्ही बघा.

२. सेट-टॉप बॉक्सवरचं साधं चॅनेल लावायला सांगा. तुम्ही रोज जे बघता, तेच तिथे बघा.

३. माहितीपत्रकात पडद्याचं स्वतःचं रेझोल्युशन वाचा.

४. ४के टीव्हीला कन्सोल किंवा कॉम्प्युटर जोडायचा असेल तर एचडीएमआय पोर्ट तपासा. एचडीएमआय १.४ वर ४के सेकंदाला फक्त ३० चित्रांपर्यंत मिळतं, २.० वर ६० आणि २.१ वर १२०पर्यंत. अर्थात, १२० साठी पडदाही तेवढ्या वेगाचा हवा.

५. तीव्र उजेड आणि गडद काळोख एकाच दृश्यात कसे दिसतात, तेही बघा. चांगला काळा रंग आणि खरे रंग लांबूनही जाणवतात. जास्तीचे पिक्सेल मात्र लांबून जाणवतीलच असं नाही.

मोठ्या आकारात आता बहुतेक टीव्ही ४केच मिळतात, त्यामुळे तिथे ते टाळायचं कारण नाही. फक्त ‘४के’ या दोन अक्षरांसाठी कमी दर्जाचा पडदा पदरात पडत नाही ना, हे पाहा.

घरच्या टीव्हीवर आजच करून बघा

नवा टीव्ही घेण्याआधी जुन्याच्या मागे एकदा डोकावा. सेट-टॉप बॉक्सपासून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची वायर आली असेल, तर तुमचा एचडी टीव्ही एसडी चित्रच दाखवतोय. ती वायर एचडी चित्र वाहून नेऊच शकत नाही. त्याऐवजी एचडीएमआय केबल लावा. बॉक्सही एचडीच हवा आणि चॅनेलचं एचडी रूप तुमच्या पॅकमध्ये हवं. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० वर आहे का ते पाहा.

फुल एचडी टीव्ही असेल तर आणखी एक गोष्ट. काही टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं चित्र ताणतात. बातम्यांची खालची पट्टी अर्धवट दिसत असेल, तर हेच होत असतं. पिक्चर साइझमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’सारखा पर्याय निवडला की प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी बसतो आणि चित्र अधिक रेखीव होतं.

कित्येक घरांत एवढ्यानेच चित्र सुधारतं आणि नव्या टीव्हीचा खर्च निदान यंदा तरी वाचतो. आणि घ्यायचाच असेल, तर आधी सोफ्याचं अंतर, मग रोज बघायच्या गोष्टी आणि सगळ्यात शेवटी खोक्यावरचा आकडा, या क्रमाने विचार करा.