शंभर वॉटचे युनिट आणि मातीचे मडके

परभणीहून पूर्णेकडे जाताना पिंगळी स्टेशन लागते. या पट्ट्यातल्या गावांत हरिनाम सप्ताह बसला की भोंग्याचा आवाज शिवारापर्यंत पोचतो. पण कीर्तनकार नेमके काय सांगत आहेत, हे मात्र पारावर बसलेल्यालाही नीट कळत नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाहीत. यावर साउंडवाल्यांचा उपाय ठरलेला असतो : ‘चाळीसचे युनिट काढा, शंभर वॉटचे टाका.’ मग वर्गणी गोळा होते.

घरच्या स्पीकरची गोष्टही फारशी वेगळी नाही. ट्वीटर, क्रॉसओव्हर, भारी धारित्रे आणि जाड तार असलेले ‘सुधारणा किट’ आता घरपोच मागवता येते. माझ्या वर्गात पिंगळी, मिरखेल या बाजूंनी रेल्वेने येणारी मुले असतात, आणि ‘सर, असे किट घ्यावे का?’ हा प्रश्न दरवर्षी त्यांच्यापैकी कोणीतरी विचारतेच. प्रश्न पैशांचा वाटतो, पण उत्तर तुमच्या दहावी-बारावीच्या भौतिकीत आहे.

प्रथम हे यंत्र पाहू. आज आपण वापरतो तो हलत्या वेटोळ्याचा ध्वनिवर्धक १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी सिद्ध केला. स्थायी चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते. त्यातून ॲम्प्लिफायरची प्रत्यावर्ती धारा वाहू लागली की वेटोळे मागेपुढे होते, त्याला चिकटवलेला कागदी शंकू हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. शंभर वर्षांत चुंबक बदलले, कागदाच्या जोडीला प्लॅस्टिक आले, पण तत्त्व तेच राहिले.

शंकूच्या ध्वनिवर्धकाची कार्यक्षमता मात्र फारच थोडी असते. त्याला दिलेल्या विद्युतशक्तीपैकी शेकडा एकाच्या आसपासच ध्वनी बनते. बाकीची वेटोळे तापवण्यात जाते. भोंग्याचे तसे नाही. त्याचा अरुंद गळा आणि क्रमाने रुंदावणारे तोंड यांमुळे लहानशा पडद्याची हवेवरची पकड वाढते. म्हणून १ वॉट दिला असता कागदी ध्वनिवर्धक १ मीटरवर साधारण ९० डेसिबल आवाज देत असेल, तर चांगला भोंगा १०६ डेसिबल देतो. हा १६ डेसिबलचा फरक म्हणजे चाळीसपट शक्ती. देवळावर भोंगाच का दिसतो, याचे कारण हेच.

आता शंभर वॉटच्या युनिटकडे येऊ. युनिटवर छापलेला वॉटचा आकडा हा त्याच्या आवाजाचा नव्हे, तर सहनशक्तीचा असतो. ‘एवढी शक्ती दिली तरी माझे वेटोळे जळणार नाही,’ इतकेच तो सांगतो. दहा पोती वाहू शकणाऱ्या बैलगाडीत चारच पोती टाकली, तर बाजारात चारच पोती पोचणार. मशीन चाळीस वॉटचेच राहिले, तर शंभर वॉटचे युनिट चाळीसच वॉट घेईल. दोन्ही युनिटे सारखीच संवेदनशील असतील तर आवाजात काडीचाही फरक पडणार नाही. साउंडवाले ही गोष्ट आपणहून सांगत नाहीत. कित्येकदा त्यांनाही ती ठाऊक नसते.

समजा, मशीनही बदलले आणि खरोखर शंभर वॉट दिले. शक्ती अडीचपट झाली. डेसिबलमध्ये ही वाढ केवळ ४ भरते. कान शक्तीची बेरीज करत नाही. आवाज ‘दुप्पट’ वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. चाळीसचा दुप्पट आवाज हवा तर चारशे वॉट हवेत. वर्गणी देणाऱ्याने हा हिशेब आधी विचारावा.

पण मुळात आवाज कमी आहे का? १०६ डेसिबलच्या भोंग्याला ४० वॉट दिले की १ मीटरवर १२२ डेसिबल होतात. मोकळ्या जागेत अंतर दहापट झाले की २० डेसिबल उतरतात, म्हणून भोंग्याच्या समोर १०० मीटरवर ८२ डेसिबल उरतात. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिवर्धक लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. आपला जुना चाळीस वॉटचा भोंगाच ही पातळी २०० मीटरपर्यंत ओलांडतो! सुधारणेची गरज असलीच तर ती उलट्या दिशेने आहे. भोंग्यासमोरच्या घरात बारावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला विचारा, ती हेच सांगेल. शिवाय ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणे ही कानाची मर्यादा मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. सात दिवस मंडपात भोंग्याजवळ बसणाऱ्या टाळकऱ्यांचा विचार कोणीच करत नाही.

मग शब्द का कळत नाहीत? पहिले कारण प्रतिध्वनी. एक भोंगा देवळावर आणि दुसरा शंभर मीटरवर शाळेच्या गच्चीवर असला, की दोघांचे आवाज एकाच वेळी निघाले तरी एकाच वेळी पोचत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, ४० अंश तापमानाला, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो. म्हणजे जवळचा शब्द ऐकू आल्यावर दूरचा तोच शब्द पाव सेकंदाहून अधिक उशिरा येतो, आणि तेवढ्यात कीर्तनकार पुढच्या शब्दावर गेलेले असतात. सुमारे एक विसांश सेकंदापर्यंतचा उशीर कान पोटात घालतो. त्यापुढे शब्दावर शब्द चढतो. दोन्ही भोंग्यांची शक्ती वाढवून हा गोंधळ मिटत नाही, नुसता मोठा होतो.

दुसरे कारण माइक. कीर्तनकार माइकपासून ४० सेंटिमीटरवर असतील आणि ते १० सेंटिमीटरवर आणले, तर माइकमध्ये शिरणारा त्यांचा आवाज १२ डेसिबलने वाढतो. सोळापट शक्तीच्या मशीनइतका हा लाभ आहे, आणि तो फुकट आहे. टाळ-मृदंगाचा गलबला त्या मानाने मागे पडतो, मशीनची चावी कमी करता येते आणि शिटीही वाजेनाशी होते.

आणखी एक अपेक्षा मी नेहमी ऐकतो : नव्या युनिटने मृदंगाचा धुमा ‘भरून’ येईल. तो येणार नाही. भोंगा किती खालचा स्वर देऊ शकतो, हे प्रामुख्याने त्याच्या तोंडाचा आकार ठरवतो. ढोबळ नियम असा, की तोंडाचा परीघ ज्या तरंगलांबीएवढा, तिच्या खालचे स्वर भोंगा नीट बाहेर टाकू शकत नाही. तोंडाचा व्यास ४० सेंटिमीटर असेल तर परीघ सव्वा मीटर होतो, आणि सीमा पडते सुमारे २८० हर्ट्‌झला. शंभर हर्ट्‌झचा स्वर हवा असेल तर एक मीटरहून अधिक व्यासाचे तोंड लागेल. असा भोंगा देवळाच्या शिखराला कोण बांधणार?

मग पैसे घालावेत तरी कुठे? पहिली जागा म्हणजे तार. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला ०.०१७ ओहम असतो. शंभर मीटरवरच्या भोंग्याला जाऊन-येऊन २०० मीटर तार लागते, म्हणजे ३.४ ओहम. भोंगा ८ ओहमचा असेल तर तार नसताना मिळाली असती त्याच्या निम्मीच शक्ती त्याला मिळते. याच तारेत १०० व्होल्टच्या लाइनची पद्धत वापरली तर? मशीनच्या १०० व्होल्टच्या टोकापासून तार न्यायची आणि भोंग्यापाशी लाइन ट्रान्सफॉर्मर बसवायचा. ४० वॉटसाठी तारेला तेव्हा समोर २५० ओहम दिसतात, त्यांच्यापुढे ३.४ ओहम म्हणजे काहीच नाही. शक्ती शेकडा तीननेच घटते. परळीच्या औष्णिक केंद्रातली वीज दूर नेताना तिचा दाब वाढवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. (या तारेचा झटका बसू शकतो, मशीन बंद केल्याशिवाय हात लावू नये.) म्हणजे लांबच्या भोंग्यासाठी एक ट्रान्सफॉर्मर हा शंभर वॉटच्या युनिटाहून शहाणा खर्च आहे. घरात मात्र तीन मीटरसाठी ‘शुद्ध तांब्याची’ महागडी तार घेण्यात अर्थ नाही. साध्या तांब्यात आणि तिच्यात वाहकतेचा फरक शेकडा एकाच्या आसपास असतो.

घरच्या किटबद्दल माझे मत इतके कडक नाही. एकाच कागदी शंकूच्या स्पीकरला ट्वीटर जोडला, तर टाळांची किणकिण खरोखर उजळते, कारण मोठा जड शंकू तेवढ्या वेगाने थरथरू शकत नाही. त्याच्याबरोबर एकसरीत एक धारित्र मात्र हवेच. ४.७ मायक्रोफॅरडचे धारित्र ८ ओहमच्या ट्वीटरला साधारण ४,२०० हर्ट्‌झच्या खालचे स्वर अडवते. ते नसेल तर ट्वीटरची केसासारखी तार जळते. हा खर्च वसूल होतो. पण त्याच स्पीकरवर तुम्ही मध्यम लहरींवरची आकाशवाणीच ऐकत असाल, तर थांबा. त्या पट्ट्यात केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचेच अंतर असल्याने पाच किलोहर्ट्‌झच्या वरचे स्वर फारसे येतच नाहीत. जे आलेच नाही ते ट्वीटर कोठून वाजवणार?

भारी धारित्रांचे म्हणाल, तर जुनी विद्राव्य धारित्रे वीस-तीस वर्षांत सुकतात व त्यांचे मूल्य बदलते, ती बदलावीत. ठणठणीत असलेली काढून त्याच मूल्याची दहापट किमतीची बसवण्यात मला काही स्वारस्य वाटत नाही.

स्वस्तातली खरी सुधारणा पेटीची आहे. उघडा स्पीकर वाजवून पाहा. शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांत पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागे जाते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. आता तोच चार इंची स्पीकर बरोबर मावेल अशा तोंडाच्या मातीच्या मडक्यावर बसवा आणि कडेच्या फटी कणकेने बुजवा. खर्ज एकदम भरल्यासारखा वाटेल. मडक्याची भिंत जड असते, ती थरथरत नाही, आणि आत समोरासमोर सपाट भिंतीही नसतात. फुटलेला खोका टाकून मडके वापरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हसू नका. त्याचे भौतिकशास्त्र पक्के आहे. मडके फार लहान घेऊ नका, नाहीतर आतल्या हवेची स्प्रिंग कडक होऊन खालचे स्वर पुन्हा हरवतात.

तरीही किट घेतलेच, तर ते पारखायचे कसे? दुकानात तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवा : किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो. डोळेही फसवतात. १९९४ साली फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना झाकून व उघडे असे ऐकवले, तेव्हा दिसताच गुण बदलले. म्हणून जोडीतल्या एकाच पेटीला किट बसवा, दुसरी जशीच्या तशी ठेवा. दोन्ही शेजारी, पडद्यामागे. आवाज सारखा करून घ्या. मोबाइलवरचा ध्वनिमापक एवढ्यापुरता चालेल. मित्राने नाणे उडवून ठरेल ती पेटी वाजवायची आणि तुम्ही ओळखायची, असे दहा वेळा. निम्म्या फेऱ्या झाल्यावर पेट्यांच्या जागा बदला. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११ असते. तेवढी आली तर फरक खरा आहे असे समजा आणि दुसऱ्या पेटीलाही किट बसवायचे की नाही ते ठरवा. आठ आली तर घाई नको. अंदाजानेही सुमारे अठरा वेळांत एकदा आठ किंवा त्याहून जास्त येतात. मित्राला पुन्हा दहा वेळा नाणे उडवायला सांगा.