उन्हाळ्यात मासा गळाला का लागत नाही?

शिवाजीनगर म्हटले की आपल्याला पुणे आठवते. पण हे शिवाजीनगर बंगळूरचे. इथल्या जुन्या रसेल मार्केटात बाजारचे मासे मिळतात, आणि थोड्याच अंतरावर हलसूरचा विस्तीर्ण तलाव पसरला आहे. मार्च-एप्रिल हे या थंड हवेच्या शहरातले तापलेले महिने. सुट्टीत मुलांना गळ टाकायची हौस येते, ती नेमकी याच दिवसांत. मात्र दुपारभर बसूनही हाती काही लागत नाही. दोष आमिषाचा नसतो, पाण्याचा असतो.

तापलेले पाणी, अपुरा श्वास

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम राहतो. उलट पाण्याबरोबर माशाचे शरीरही तापते आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे खर्च वाढला आणि मिळकत घटली! मग मासा भर उन्हात आमिषामागे कशाला धावेल? तो सावली धरतो, थोडा खोल उतरतो. पण गाळाच्या तळ्यात अगदी तळाशीही प्राणवायू कमीच, म्हणून पुष्कळदा तो मधल्या थरात थांबतो. अमेरिकेतला क्रॅपी नावाचा मासाही उन्हाळ्यात बुडालेल्या झाडांच्या आसपास असाच मध्ये तरंगत राहतो. तिथले हौशी लोक आमिष वर-खाली करून त्याचा थर शोधतात.

थर ओळखा

आपल्याकडे कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. तेव्हा दोरीवरचे बूच सरकवत पाहावे. एका खोलीवर पंधरा-वीस मिनिटांत हालचाल झाली नाही, तर गळ हातभर खाली सोडावा. रोहूला कणकेचा घट्ट गोळा चालतो. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची बरी. पण हिरव्या, शेवाळी तळ्यात अगदी पहाटे जाऊ नये. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री मात्र तेच तो वापरते. त्यामुळे पहाटे पाणी सर्वात गुदमरलेले असते. ऊन थोडे वर आले की मासा चरू लागतो.

लहान मासा लागला तर हात ओले करून लगेच सोडून द्यावा. तापलेल्या पाण्यात दमलेला मासा सहज मरतो. आणि तलाव कोणताही असो, आधी परवानगीची चौकशी करावी.

हलसूरचा धडा

मार्च २०१६ मध्ये याच हलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगले. सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू घटल्याचे कारण तेव्हा पुढे आले. घाण कुजताना प्राणवायू खाते, आणि उन्हाळ्यात तो आधीच कमी असतो. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात वीण घालत नाहीत. त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. एकदा मेलेला साठा आपोआप भरून येत नाही.

म्हणून एक खूण मुलांना जरूर शिकवा. सकाळी पुष्कळ मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर घुटके घेताना दिसले, तर ती पर्वणी समजू नका. ते भुकेले नसतात. श्वासासाठी तडफडत असतात. अशा वेळी गळ गुंडाळावा आणि तलावाची देखभाल करणाऱ्यांना कळवावे. मेलेला, तरंगणारा मासा कुणी फुकट दिला तरी घरी आणू नये. बाजारातही लाल कल्ले, स्वच्छ डोळे आणि बोटाने दाबल्यावर परत वर येणारे मांस पाहूनच मासा घ्यावा.

गळ टाकून बसणाऱ्याला तासन् तास पाण्याकडे बघायची सवय असते. तलाव आजारी पडला की ते पहिल्यांदा त्याच्याच लक्षात येईल. एखाद्या दिवशी मासा नाही मिळाला तरी चालेल, ही नजर मात्र मुलांना मिळायला हवी.