तिकीट हवेचं

हेलिकॉप्टरच्या सैरीला गेलं की पहिली गाठ वजनकाट्याशी पडते. केदारनाथच्या हेलिपॅडवर ऐंशी किलोंच्या वर काटा गेला की किलोमागे जादा पैसे भरावे लागतात. लोक कुरकुरतात, ‘माणसांचंही सामान केलं!’ पण तो काटा गल्ल्यापेक्षा हवेचा हिशेब जास्त ठेवतो.

फिरती पाती हवा खाली ढकलतात आणि त्या बदल्यात यंत्र वर उचललं जातं. हवा दाट असेल तर ढकलायला काहीतरी असतं, विरळ असेल तर पाती नुसतीच घुमतात. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के विरळ, म्हणून एकेका किलोची विचारपूस. अर्थात विरळ हवेसाठी हिमालय गाठायलाच हवा असं नाही. दिल्लीजवळच्या आमच्या फरीदाबादला जानेवारीच्या पहाटे पारा 5 अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी 45 वर. नुसत्या या तफावतीनं हवेचा आठवा हिस्सा गायब होतो! तेच हेलिकॉप्टर, तोच पायलट, पण मे महिन्यात कमी ओझं उचलणार.

आता त्या पात्यांकडे जरा जवळून बघू. पर्यटनात सर्रास दिसणाऱ्या बेल 407 या हेलिकॉप्टरला चार पाती असतात. ती फिरताना होणाऱ्या वर्तुळाचा व्यास 10.67 मीटर आणि मिनिटाला 413 फेरे, म्हणजे सेकंदाला जवळपास सात. कागदावर गुणाकार केला तर पात्याचं टोक ताशी सुमारे 830 किलोमीटरनं धावतंय असं निघतं. खरी गंमत पुढे आहे. हेलिकॉप्टर 200 च्या वेगानं पुढे निघालं की एका बाजूचं पातं 1,030 च्या वेगानं हवा कापतं, तर त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचं फक्त 630 नं. एका अंगाला भरपूर उचल, दुसऱ्याला जेमतेम. हिशेबानं यंत्र कलंडायलाच हवं.

हे कोडं सोडवलं स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी, 1923 साली, आणि तेही हेलिकॉप्टरसाठी नव्हे तर ऑटोजायरोसाठी, म्हणजे ज्याची पाती इंजिनाऐवजी हवेनंच फिरतात अशा यंत्रासाठी. त्यांनी पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली. जोरात जाणारं पातं थोडं वर उचललं जातं, त्यानं त्याची उचल घटते. हळू जाणारं खाली येतं, त्याची वाढते. दोन्ही बाजू आपोआप बरोबरीत. आज बिजागरीच्या जागी लवचीक मूळही असतं, पण युक्ती तीच. आणि इंजिन बंद पडलं तर? पायलट पात्यांचा कोन लगेच कमी करतो, खालून वर येणारी हवाच पाती फिरवत ठेवते आणि महोगनीचं बी गिरक्या घेत उतरतं तसं यंत्र उतरवता येतं. त्यासाठी खाली पुरेशी उंची आणि टेकायला मोकळी जागा मात्र हवी.

या सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे खिडकीतलं दृश्य. जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर संपतं. 300 मीटरवर गेलं की ते 60 किलोमीटरपलीकडे सरकतं. फरीदाबादवरून एवढ्यात अख्खी दिल्ली मावते. शिवाय विमानातून कधीच न दिसणारा तपशील दिसतो: दहाव्या शतकातलं सूरजकुंडाचं पायऱ्यांचं अर्धवर्तुळ, अरवलीची पाठ आणि तिच्यात खाणींनी पाडलेले खड्डे. सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली खाणकाम थांबवलं. आज त्यातल्या काही खड्ड्यांत निळंशार पाणी आहे.

पण हे दिसायचं कधी? दिल्ली परिसरातली सुट्टी आणि हवा यांचं पटत नाही. दिवाळीत धुरकं, डिसेंबर-जानेवारीत धुकं, मे-जूनमध्ये धूळ. साठ किलोमीटरचं क्षितिज गणितात राहतं आणि डोळ्यांना दिसतो राखाडी पडदा. दिल्लीत रोहिणीला 2017 पासून हेलिपोर्ट आहे, तिथून शहरावरच्या फेऱ्यांची सोयही झाली. पण राष्ट्रपती भवनाच्या आसपासचं आकाश बंदिस्त असल्यानं जे बघायची सगळ्यांत हौस, तेच लांबून बघावं लागतं. माझं मत विचाराल तर पाऊस सरल्यावरचे ऑक्टोबरचे पहिले दिवस किंवा वाऱ्याचा फेब्रुवारी-मार्च सोडून इथं दहा मिनिटांसाठी हजारो रुपये मोजू नयेत.

आणखी एक बारकावा. बेल 407 मध्ये सहा प्रवासी बसतात: एक पायलटशेजारी, दोघं मागे तोंड करून, तिघं शेवटच्या बाकावर. शेवटच्या बाकावर मधे बसलेल्याला अरवलीपेक्षा शेजाऱ्याचे खांदेच जास्त दिसतात. खिडकी मिळेल की नाही हे तुमच्या हट्टापेक्षा वजनाच्या तोलावर ठरतं.

डोंगरात प्रश्न केवळ दृश्याचा राहत नाही. 15 जून 2025 च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला निघालेलं बेल 407 गौरीकुंडजवळ कोसळलं. सातही जण गेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं, चिमुकल्या मुलीसह. खोऱ्यात ढग उतरले की पायलटला डोंगर दिसत नाही आणि त्या अरुंद वाटेत वळायलाही जागा नसते.

म्हणून तिकीट काढताना मी भावाआधी दोन गोष्टी विचारीन. त्या दिवशी किती लांबवरचं दिसत असेल तरच तुम्ही उडता? आणि हवा खराब म्हणून फेरी रद्द झाली तर पैसे पूर्ण परत देता का? दुसऱ्या प्रश्नावर काउंटरवरचा माणूस चाचरला, तर पहिल्याचं उत्तर कितीही छान असलं तरी मी पाकीट बाहेर काढणार नाही. रद्द केलेली फेरी ज्याला महागात पडते, त्याला ढग जरा विरळच दिसतात.