गिगाहर्ट्झचा आकडा आणि सॉकेटचा मेळ

पार्श्वभूमी
२००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रात डेस्कटॉप संगणकाची ओळख तालुक्याच्या ठिकाणांपलीकडेही होऊ लागली. पुणतांब्यासारख्या गावात त्या दशकातले यंत्र अजून चालते ठेवायचे, तर नवे घेण्यापेक्षा जुना पण सरस प्रोसेसर बसवणे स्वस्त पडते. मात्र तो खरोखर वेगवान आहे का आणि बोर्ड तो स्वीकारेल का, हे आधी तपासावे लागते.

वेग
गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज आवर्तने, एवढेच. प्रत्येक आवर्तनात किती काम उरकते, हे अंतर्गत रचनेवर ठरते. पेंटियम ३ मध्ये सूचना १० टप्प्यांतून जाई. पहिल्या पेंटियम ४ मध्ये २०, तर २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ नावाच्या पेंटियम ४ मध्ये ३१. टप्पे लहान झाल्याने आवर्तने वाढवता आली. परंतु पुढच्या सूचनेचा अंदाज चुकला की अर्धवट झालेले काम टाकून नव्याने सुरुवात करावी लागे. म्हणूनच जुलै २००६ मध्ये आलेला १.८६ गिगाहर्ट्झचा कोअर २ डुओ ई६३०० हा ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला बहुतेक कामांत मागे टाकतो. त्याचे टप्पे १४ आणि गाभे दोन. एएमडीने तर १.५३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असा, आवर्तनांऐवजी कामगिरी सुचवणारा क्रमांक दिला होता. दोन वेगळ्या पिढ्यांची तुलना केवळ गिगाहर्ट्झवर करू नये.

सुसंगतता
इंटेलच्या ७७५ संपर्कबिंदूंच्या सॉकेटमध्ये पेंटियम ४ बसतो, तसाच कोअर २ डुओही. फसगत नेमकी इथेच होते. ९१५ चिपसेटच्या बोर्डावर कोअर २ डुओ अचूक बसतो, पण संगणक सुरू होत नाही. चिपसेट, व्होल्टेज पुरवणारे मंडल आणि बायोस या तिन्हींची साथ आवश्यक असते. ९४५ चिपसेटच्या काहीच बोर्डांवर ती मिळते. जी३१ वर सहसा अडचण येत नाही. बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक आणि आवृत्ती निर्मात्याच्या यादीशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसली की ‘एसएल’ने सुरू होणारा पाच अक्षरांचा संकेत दिसतो, त्यावरून नेमका नमुना कळतो.

वीज
३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ साठी उष्णतेची मर्यादा ११५ वॅट, ई६३०० साठी ६५ वॅट. भारनियमनात इन्व्हर्टरवर चालणाऱ्या संगणकासाठी हा फरक, माझ्या मते, वेगाइतकाच मोलाचा आहे.

मर्यादा
प्रोसेसरला अवगत असलेला सूचनासंच बदलता येत नाही. २०२१ पासून क्रोम ब्राउझरला एसएसई३ सूचना लागतात; प्रेस्कॉटपूर्वीच्या पेंटियम ४ मध्ये त्या नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणारी पॉपकाउंट सूचना कोअर २ डुओलाही ठाऊक नाही. अशा यंत्रावर हलक्या लिनक्सची निवड अधिक व्यवहार्य ठरते.